गाळाची अर्धी साक्ष

१

थंड खोलीचं दार उघडलं आणि मदतनीस मावशींच्या तोंडून एवढंच निघालं, "अगं बाई, साक्षीदार गेला!"

साक्षीदार म्हणजे माणूस नव्हे, चिखल. तळ्याच्या तळात प्लॅस्टिकची लांब नळी ठोकायची आणि गाळाचा अख्खा खांब वर काढायचा. थंडीने तो घट्ट झाला की नळीसकट काकडीसारखा उभा चिरायचा. एका अर्ध्याच्या चकत्या पाडून कुठल्या थरात किती किरणोत्सार आहे ते मोजायचं. दुसरा अर्धा गुंडाळून फळीवर ठेवायचा, पुढेमागे कुणी शंका काढलीच तर दाखवायला. म्हणून त्याचं नाव साक्षीदार.

शंका काढणारी बाई नेमकी आजच आली होती आणि मावशींच्या मागे उभी राहून रिकाम्या फळीकडे बघत होती. मुख्य कार्यालयाने पाठवलेली ही तपासनीस बाई दिसायला अगदी साधी, गुडघे धरलेली, बोलायला फटकळ. गोड बोलणाऱ्या माणसाचा तिला आधी संशय यायचा, आणि केंद्राचे संचालक सकाळपासून फार गोड बोलत होते.

"बघा, म्हणजे सरळच झालं," संचालक म्हणाले. "ज्याने गळती केली त्यानेच पुरावा पळवला. खोलीच्या किल्ल्या तिघांकडे. माझ्याकडे, लॅबच्या ताईंकडे आणि आमच्या खड्डेसाहेबांकडे. काल संध्याकाळी खड्डेसाहेब इथे आत गेले होते. गेटवरच्या माणसाने पाहिलंय."

टेकडीवर किरणोत्सारी कचऱ्याचे झाकलेले खड्डे होते, खाली तळं. खड्ड्यांची जबाबदारी ज्या तरुण इंजिनिअरवर होती त्याला सगळं केंद्र खड्डेसाहेब म्हणे. दोन वर्षांपूर्वी तो इथे आला तेव्हा चिडवायला म्हणून पडलेलं नाव आता त्याची बायकोही वापरायची. यंदाच्या नळीत गाळाच्या अगदी वरच्या चकत्यांमध्ये किरणोत्सारी सीझियम सापडलं होतं, त्या खड्ड्यांतल्या कचऱ्यात असतं तेच. तळ्यात गाळ थरावर थर बसत जातो, सगळ्यात नवा सगळ्यात वर. तेव्हा वरच्या थरातलं सीझियम म्हणजे आत्ताची गळती, आणि आत्ताची गळती म्हणजे खड्डेसाहेब. हिशेब लहान मुलालाही कळेल असा होता.

"दुपारी पोलीस येतायत," संचालक म्हणाले. "गळती लपवली, पुरावा नष्ट केला. तुमची सही झाली की ते त्याला घेऊन जातील."

बाईने हातातली पिशवी लॅबच्या टेबलावर आदळली. टेबल हललं नाही. ओळीतली बाकीची सगळी टेबलं लंगडी होती, हे तिने येतानाच पाहिलं होतं. खाली वाकून बघितलं तर एका पायाखाली निळा, अर्धगोल तुकडा सारलेला.

"ह्या टेबलाला मी परवाच शहाणं केलं," मावशी त्या गडबडीतही कौतुकाने म्हणाल्या.

बाईचं तिकडे फार लक्ष नव्हतं. एक साधा प्रश्न तिच्या डोक्यात घुसला होता. वरच्या थरात सीझियम सापडल्यावर राहिलेला अर्धा पळवून खड्डेसाहेबाला काय मिळणार होतं? मोजणी तर झालीच होती.

२

खड्डेसाहेब टेकडीवरच सापडला. खड्ड्यांवरची काँक्रीटची झाकणं तो एकेक करून तपासत होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"काल मी आत गेलो होतो, खरंय," तो म्हणाला. "साक्षीदार बघायला. माझा विश्वासच बसत नव्हता हो. पण तेव्हाही फळी रिकामीच होती. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मीच नेला म्हणाले असते."

"न सांगताही तेच म्हणतायत."

तो कसंनुसं हसला. "बायकोला सातवा महिना आहे, मॅडम. तिला मी अजून बोललो नाहीये. साइटवर आहे, एवढंच सांगून निघालोय."

बाईला त्याची दया आली, आणि दया आली की ती जास्तच कडक व्हायची. "झाकणं दाखव. मग उतार दाखव," ती म्हणाली.

झाकणांना कुठे चीर नव्हती. उतारावर दाट गवत होतं, मुळं घट्ट, कुठे ओघळ नाही की घसरण नाही. बाईने किरणोत्सार मोजायचं मीटर जमिनीलगत धरून खड्ड्यांपासून तळ्याकडे चालायला सुरुवात केली. मीटर अधूनमधून टिक करायचं, दगडाशेजारीही करतं तेवढंच.

"सीझियमचा स्वभाव माहीत आहे ना तुला?" तिने विचारलं.

"चिकणमाती दिसली की घट्ट धरून बसतं. पाण्याबरोबर झिरपत गेलं तर हातभर जायलाही पिढी लागायची. हा सगळा उतार चिकणमातीचा आहे."

"मग तळ्यात पोचायचं कसं?"

"मातीला चिकटून, मातीबरोबर. वरून गढूळ लोंढा गेला तर. पण लोंढा गेला असता तर गवत राहिलं नसतं आणि मीटर इथेच ओरडलं असतं. मी हे संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, गाळ खोटा आणि तू खरा का?"

उताराच्या पायथ्याशी, जिथे वरून आलेली माती साचते, तिथे बाईने त्याला माती उपसायचं गिरमिट फिरवायला लावलं. पहिला घास वर आला, मीटर गप्प. दुसरा, तिसरा, तरी गप्प. खड्डेसाहेबाचा हात कोपरापर्यंत जाईल एवढं खोल गेल्यावर जी माती वर आली तिच्यावर मीटर धरलं मात्र, ते तव्यावर पाणी पडल्यासारखं तडतडायला लागलं.

लोंढा गेला होता. पण तो इतका जुना होता की त्याच्यावर हातभर नवी माती चढली होती, आणि तिच्यावर गवत.

"मग तळ्यातही ते खोलच असायला हवं," खड्डेसाहेब पुटपुटला. "वर कसं?"

बाईने घड्याळ पाहिलं. उतार एक सांगत होता आणि नळी दुसरंच. दोघांतलं एक कुणीतरी पढवलेलं होतं.

३

नळी काढणारा नावाडीकाका धक्क्यावर होडीतलं पाणी उपसत होता. एका पायात निळी स्लिपर, दुसऱ्यात तपकिरी. बाईने पाहिलं आणि म्हातारा विसरभोळा असेल असं समजून सोडून दिलं.

"या जागेवरनं नळी पहिल्यांदाच काढली बघा," काका म्हणाला. "एरवी पलीकडच्या काठाला काढतो. मोठ्या साहेबांनी जागा ठरवून दिल्यात, त्या कधीच्या. यंदा खड्डेसाहेब हट्टाला पेटले. म्हणाले, माझ्या उताराच्या तोंडाशीच काढा, लोकांना खात्री पटू दे."

मोठे साहेब म्हणजे केंद्राचे पहिले प्रमुख. प्रशिक्षणाच्या हॉलला त्यांचं नाव होतं, दाराशी फोटो होता, आणि गाळ वाचायला त्यांनी शिकवलेली माणसं आज ठिकठिकाणी मोठ्या खुर्च्यांवर होती. बाई स्वतः त्यांच्या वर्गात कधी बसली नव्हती, पण त्यांचे धडे तिने घोकलेले होते. लॅबच्या ताई म्हणजे त्यांचीच मुलगी.

म्हणजे खड्डेसाहेबाने स्वतःहून आपल्या दाराशी नळी ठोकायला लावली. ज्याला लपवायचं असतं तो असा हट्ट करत नाही. बाईने ते मनात नोंदवलं.

"नळी वर आल्यावर काय केलंत? सगळं सांगा, काही गाळू नका."

"काय करणार? दोन्ही तोंडांना झाकणं. वरच्याला लाल, खालच्याला काळं. आणि ते आपलं बूच."

"कसलं बूच?"

काका लाजला. "खालचा गाळ घट्ट असतो हो, त्याला काही लागत नाही. पण वरचा म्हणजे नुसता पातळ रबडा. होडीत हिंदकळतो, झाकणातून गळतो, आणि लॅबवाले मला बोलतात. म्हणून यंदा मी वरच्या तोंडात, लाल झाकणाच्या आत, जुन्या स्लिपरची गोल चकती ठोकली. मस्त बसली. बायकोनं मात्र घर डोक्यावर घेतलं. कापायची तर दोन्ही कापायच्या होत्या म्हणे, एक कशाला ठेवलीस?"

बाईने त्याच्या पायांकडे पुन्हा बघितलं. मग ती लॅबकडे निघाली, आणि गुडघे दुखतायत हे ती त्या चढावर साफ विसरली.

४

"मावशी, चकत्या तुम्ही पाडल्यात?"

मावशी जराशा बिचकल्या. पाणी तपासणाऱ्या विभागातून त्यांची इकडे बदली झाली त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. "हो. ताई पाडणार होत्या, पण त्या सकाळी त्यांच्या वडिलांना धाप लागली, दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांनी फोनवर सांगितलं, थांबा, मी आल्यावर करू. पण संचालक मागे लागले ना! रिपोर्ट हवा, रिपोर्ट हवा. मग मीच केलं. लाल टोकाकडून सुरुवात करायची, एवढं मला ठाऊक होतं."

"पहिली चकती कशी होती?"

"काय सांगू! सुरी चालेना. अगदी विटेसारखी. नंतर नंतर सोपं गेलं. आणि शेवटच्या, काळ्या टोकाच्या म्हणाल, तर चमच्याने उचलाव्या लागल्या. नुसता लगदा."

"आणि काळ्या टोकाला आणखी काय होतं?"

"रबराचा तुकडा होता. नळी चिरताना पात्याखाली बरोबर अर्धा झाला. एक अर्धा साक्षीदाराच्या बाजूला राहिला, दुसरा माझ्याकडे. धुऊन घेतला. म्हटलं, टाकून कशाला द्यायचा?"

बाई टेबलाजवळ गेली, वाकली आणि पायाखालचा निळा अर्धगोल ओढून काढला. टेबल लंगडं झालं.

रबराचं बूच वरच्या तोंडात ठोकलेलं. ते सापडलं खालच्या तोंडात. तळ्याच्या तळाशी सगळ्यात वर असतो तो रबडा, तो सापडला सगळ्यात खाली. नळी काही आपण होऊन उलटी झाली नव्हती. कुणीतरी झाकणं बदलली होती. लालच्या जागी काळं, काळ्याच्या जागी लाल. बिचाऱ्या मावशींनी उलट्या बाजूने चकत्या पाडल्या, आणि खोल पुरलेली जुनी गळती वर येऊन यंदाची झाली. ती जुनी गळती कधीची असावी याचा बाईला अंदाज होता, कारण उतारावरून लोंढा जाईल असा महापूर या भागात एकदाच आला होता, खूप वर्षांपूर्वी.

तेवढ्यात दारात संचालक उभे राहिले. "पोलीस गेटवर आलेत. सही?"

"चहा पाजा त्यांना," बाई म्हणाली. "तुम्ही इथे पहिल्यांदा कधी आलात हो?"

संचालकांचा चेहरा पडला. "मी? नोकरीच इथे सुरू केली. ज्युनिअर होतो, मोठ्या साहेबांच्या हाताखाली. का?"

"ज्या साली महापूर आला, तेव्हा?"

"होतो," ते म्हणाले, आणि सकाळपासूनचं गोड बोलणं एकदम आटलं. "पण पुराच्या दिवसांत सुट्टीवर. परत आलो तेव्हा सगळं आवरलेलं होतं. मी विचारलं नाही."

"ती नळी लॅबमधल्या यंत्राखाली न चिरता तपासता येते ना? आत कुठे काय आहे ते बाहेरूनच कळतं. तुम्हाला चालवता येतं ते यंत्र?"

"मला?" संचालकांना तशा अवस्थेतही आश्चर्य वाटलं. "मला साधा प्रिंटर चालत नाही. ते फक्त ताई चालवतात."

५

ताईंचं घर केंद्राच्या वसाहतीच्या टोकाला होतं. दार त्यांनीच उघडलं. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, आवाज हळू. बाईच्या हातातला निळा तुकडा बघून त्यांनी दाराची कड धरली.

"तुम्ही काय केलंत ते मी सांगते, चुकलं तर थांबवा," बाई म्हणाली. "नळी आली त्या संध्याकाळी तुम्ही ती यंत्राखाली धरलीत. सीझियम खोल, पुराच्या थरात दिसलं. पूर आला त्या साली खड्ड्यांची जबाबदारी तुमच्या वडिलांची. थर कुठला हे नळी चिरण्याआधी फक्त तुम्हाला माहीत होतं, कारण यंत्र फक्त तुम्ही चालवता. तुम्ही झाकणं बदललीत. बूच तुम्हाला दिसलं, पण काढता आलं नाही. काढलं असतं तर रबडा सांडला असता आणि सगळं तिथेच उघडं पडलं असतं. सकाळी स्वतः चकत्या पाडून बूच गुपचूप टाकायचं, असं ठरवलं असणार. पण तुमच्या वडिलांना धाप लागली."

ताईंनी थांबवलं नाही.

"मी येणार म्हटल्यावर साक्षीदार हलवणं भाग होतं. जाणत्या माणसाला तो बघताक्षणी कळला असता. संचालकांनी नेला असता तर तळ्यात फेकून हात झटकले असते. तुम्ही नाही फेकणार. तुम्ही गाळ सांभाळायला शिकलेल्या आहात. तो या घरात आहे."

"अण्णांचे आता थोडेच दिवस राहिलेत," ताई म्हणाल्या. "त्या हॉलवर नाव आहे त्यांचं. शेवटी शेवटी हे बघायला लावू त्यांना? खड्डेसाहेब तरुण आहे. मला वाटलं, फार तर बदली होईल. दुसरीकडे नोकरी मिळेल."

"पोलीस गेटवर चहा पितायत. त्याची बायको सात महिन्यांची आहे, आणि तिला अजून काहीच माहीत नाही."

ताईंनी डोळे मिटले. आतून खोकल्याचा आवाज आला आणि मग एक खणखणीत हाक. "कोण आलंय गं? आत आणायची पद्धत आहे की नाही?"

आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत अण्णा बसले होते. अंगावर नुसती कातडी उरलेली, पण नजर तल्लख. ताई पलंगाखाली वाकल्या आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गाळाचा अर्धा खांब ओढून काढला. बापाच्या पलंगाखाली त्याचंच पाप ठेवून ही मुलगी त्याच घरात झोपत होती, असं बाईच्या मनात आलं, आणि तिला ताईंचा राग धरवेना.

"गाळ!" अण्णांचा चेहरा उजळला. "माझ्या पलंगाखाली? आणि मला सांगितलं नाहीस? चष्मा दे."

त्यांनी गुंडाळी स्वतः सोडली. एका टोकाला मावशींनी लावलेली लाल चिकटपट्टी होती, वरची बाजू म्हणून. अण्णा वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"कुठल्या गाढवाने पट्टी लावली? हा उलटा आहे."

"कशावरून, अण्णा?" बाईने मुद्दाम विचारलं.

"कशावरून म्हणजे? नळी गाळात घुसताना कडेचा गाळ आपल्याबरोबर खाली ओढते. थर मधे फुगलेले आणि कडांना खाली वाकलेले दिसायला हवेत. इथे बघ, सगळ्या वाट्या झाल्यात! लाल पट्टी त्या टोकाला हवी, जिथे हे निळं काहीतरी आहे." ते उत्साहाने बोलत होते, जणू समोर वर्ग बसला होता. "आणि ही इथे जाड वाळू, बोटभर. एवढी वाळू एकदाच आली तळ्यात. महापुराच्या..."

त्यांचं बोट वाळूच्या थरावर थांबलं.

"ही कुठली जागा आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"उताराच्या तोंडाशी," बाई म्हणाली.

"तिथे काढायची नाही, असं मी..." त्यांनी मुलीकडे बघितलं. ताई भिंतीला टेकून रडत होत्या, आवाज न करता. अण्णा काय समजायचं ते समजले. बाईने बाकीचं थोडक्यात सांगितलं. झाकणं, चकत्या, खड्डेसाहेब.

"तेव्हा खड्ड्यावर झाकण नव्हतं," अण्णा म्हणाले. "पुराचं पाणी आत शिरलं आणि माती घेऊन उतारावरून तळ्यात गेलं. वर कळवलं असतं तर केंद्र बंद झालं असतं. मी स्वतःशी म्हटलं, चिकणमातीला धरलंय, गाळात जाऊन बसेल, जागचं हलणार नाही. शास्त्र बरोबर होतं माझं. ते तिथेच बसलं. बाहेर निघालं ते परक्या पोराच्या अंगावर, आणि तेही माझ्या मुलीच्या हाताने."

बाईने निळा अर्धगोल साक्षीदाराच्या टोकाच्या दुसऱ्या अर्धगोलाला लावला. कड कडेला बरोबर बसली.

"तुझ्यावर रागावलो नाहीये," अण्णा मुलीला म्हणाले. "पण आधी ही पट्टी काढ. मी शिकवलेल्या माणसाच्या घरात गाळ उलटा असलेला मला चालायचा नाही."

ताईंनी डोळे पुसले, पट्टी सोलली आणि ती दुसऱ्या टोकाला लावली. बाईने केंद्रात फोन केला. "सही होणार नाही. त्या पोराला म्हणावं, घरी जा, बायको वाट बघत असेल. आणि पोलिसांना बसवून ठेवा, आम्ही येतोय."

"आम्ही कोण?" पलीकडून संचालकांनी विचारलं.

अण्णा खुर्चीचे दोन्ही हात धरून उठायचा प्रयत्न करत होते. त्यांनी कोट मागितला. मग म्हणाले, जाताना हॉलवरून गाडी घ्या, तिथला माझा फोटो मला आधी उतरवायचाय.